हसतमुख, सोज्वळ इत्यादी

महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की सोलापूरच्या भवानी पेठेत चौकाचौकांत फलक चढतात. त्यांवरची विशेषणे वाचण्याचा आम्हा मराठीच्या अध्यापकांना नाद आहे. पुरुष ‘झुंजार’ किंवा ‘कार्यसम्राट’ असतो. बाई ‘हसतमुख’, ‘सोज्वळ’. पहिली विशेषणे कामाची (खोटी का होईनात), दुसरी चेहऱ्याची. तो चेहराही संगणकावर उजळून गोरा केलेला, आणि शेजारी पतिराजांची छबी.

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत खासदार अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्या उमेदवारीवर बोलताना ‘माल’ हा शब्द वापरला. गुन्हा नोंदला गेला, दिलगिरीही व्यक्त झाली. २०१८मध्ये राजस्थानच्या प्रचारात शरद यादवांनी वसुंधरा राजे यांचा लठ्ठपणा काढला, तेव्हाही निषेध झाला. असो. अपशब्दाचा निषेध सोपा असतो. आमचा आक्षेप स्तुतीवर आहे, कारण तिचा निषेध कोणीच करत नाही.

महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा बाई शोधणे पक्षांना भागच पडते. पण शोधतात कोणाला? या भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया आहेत. घरात तेलुगू, चौकात मराठी. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. कारखान्यात विड्या नापास ठरल्या की तेवढे पैसे बुडतात. त्या नापास विड्यांवरून हिशेबनिसाशी भांडणे, भविष्यनिर्वाह निधीसाठी खेटे घालणे, मोर्च्यात उन्हातान्हात बसणे, हे राजकारण नव्हे तर काय? कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे, २००६ साली उभी राहिली ती अशाच लढ्यातून. (तिथेही नेता पुरुषच, हेही नोंदवले पाहिजे.)

ही बाई सभेला गर्दी म्हणून चालते, फलकावर चालत नाही. तंबाखूच्या धुळीने खोकणारी, उन्हाने रापलेली, बोलायला फटकळ: तिला ‘सोज्वळ’ कसे म्हणणार? आणि ज्या बाईला तिकीट मिळते, तिच्याकडून तरी गटारांबद्दल तावातावाने बोलण्याची अपेक्षा कोण करतो? ती बोललीच, तर हसतमुखपणा गेल्याची तक्रार आधी तिच्याच पक्षातून येते.

पुरुषांचीही छायाचित्रे उजळतातच की, असे आम्हाला सांगितले जाते. खरे आहे. मात्र टक्कल किंवा ढेरी यांमुळे कोणाचे तिकीट कापले गेल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.