परदेशी करारांचा गावालाही उपयोग

आरोग्य प्रशिक्षणासाठीचे परदेशी करार शहरी डॉक्टरांच्याच सोयीचे असतात, हा एका पत्रलेखकाचा मुद्दा पटला नाही. परदेशात घेतलेले शिक्षण गावाच्याही उपयोगी पडते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून १९७० मध्ये जामखेडला आले आणि फारशा न शिकलेल्या बायकांमधून त्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविका घडवल्या. पुढे तेच शिकायला परदेशांतून लोक जामखेडला येऊ लागले. त्याच विद्यापीठात शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतील घरोघरच्या नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. आज ही सेवा देशभरातील आशाताईंच्या कामाचा भाग आहे.

मात्र गावाचा वाटा करारातच लिहिलेला हवा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच दिंडोरी-वणी रस्त्यावर, म्हसरूळला आहे. परदेशी संस्थांशी करार करताना त्याने परिचारिका आणि आशाताईंसाठी जागा राखाव्यात, प्रशिक्षण मराठीत आणि वणीसारख्या ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयात द्यावे. सर्पदंश असो की अडलेले बाळंतपण, रुग्णाची पहिली गाठ परिचारिका आणि आशाताईंशीच पडते. करार नाकारण्यापेक्षा त्यांत या अटी घालण्याचा आग्रह आपण सर्वांनी धरावा.

– एक वाचक, वणी (ता. दिंडोरी, जि. नाशिक)