संगणकांतील नवी जोडणी : केव्हां व कशी स्वीकारावी ?



"घरचा संगणक जुना झाला, आतां नव्या जोडणीची डिस्क घ्यावी, कीं जुनीवरच भागवावें?" असा प्रश्न पालक मजला अनेकदां विचारतात. हा प्रश्न वरवर पाहतां केवळ दुकानदाराचा किंवा कारागिराचा वाटतो. परंतु त्याच्या पोटीं घरांतील वडील माणसांच्या कर्तव्याचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मला स्वतःच्या चुकीमुळें उमगला. म्हणून ती चूकच प्रथम सांगतों.

सन २००३ च्या सिंहस्थांत आईस घेऊन आम्ही सर्व गोदाकाठीं गेलों होतों. एका आप्ताजवळ, त्या काळीं अपूर्वाईचा असलेला, डिजिटल कॅमेरा होता. रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसलेली आई, पंचवटींतील गर्दी, ओल्या लुगड्यांनीं परतणाऱ्या बायका अशीं शंभरावर छायाचित्रें त्यानें काढलीं व आमच्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून दिलीं. पुढें नवा संगणक आला आणि जुना माळ्यावर गेला. चित्रें कोठें पळून जातात, असें म्हणून मीं तीं हलविलीं नाहींत. कांहीं वर्षांनीं आई निवर्तली. सन २०२४ मध्यें धाकट्या मुलास शाळेच्या कामासाठीं आजीचें चित्र हवें झालें, तेव्हां ती डिस्क खालीं काढली. पाहतों तों तिला चाळीस पिनांचें रुंद तोंड, आणि घरच्या संगणकांत तें बसविण्यास जागाच नाहीं ! अखेर यूएसबीचा एक अॅडाप्टर मागविला, डिस्कला बारा व्होल्टचा निराळा वीजपुरवठा दिला. ती फिरली, थोडा वेळ वाचली गेली, आणि मग टकटक असा आवाज करून कायमची थांबली. सुमारें निम्मीं चित्रें हातीं लागलीं; बाकीचीं गेलीं.

यांत डिस्क बनविणाराचा दोष नाहीं. त्या यंत्रानें आपल्या आयुष्यापेक्षां अधिक काळ वाट पाहिली. नवी जोडणी काढणारांचाही दोष नाहीं. दोष माझा आहे. तो कसा, हें कळण्यासाठीं जोडणी कां बदलली तें पाहिलें पाहिजे.

सन १९८६ च्या सुमारास घरगुती संगणकांत जी जोडणी आली तिला आयडीई असें म्हणत. चपट्या पट्टीसारखी चाळीस तारांची केबल मदरबोर्डापासून डिस्कपर्यंत जाई, आणि तींतून सोळा बिटें खांद्यास खांदा लावून एकाच वेळीं धांवत. आमच्या शाळेच्या कवायतींत सोळा मुलें एका ओळींत हळूहळू चालतात तेव्हां ओळ सरळ राहते. पण त्यांस जोरानें पळावयास सांगितलें तर कोणी पुढें, कोणी मागें असें होतें आणि ओळ मोडते. तीच गत त्या तारांची झाली. वेग वाढूं लागतांच बिटें एकाच क्षणीं पोहोंचेनात, व एका तारेंतील विजेची कुजबुज शेजारच्या तारेस ऐकूं जाऊं लागली. मधोमध आणखी चाळीस तारा घालून केबल ऐशीं तारांची केली, तरी सेकंदास १३३ मेगाबाइटांपलीकडे ती पद्धति गेली नाहीं. शिवाय एका केबलवर दोन डिस्का जोडावयाच्या तर एक 'मास्टर' व दुसरी 'स्लेव्ह' असें जम्पर लावून ठरवावें लागे. आणि ती रुंद पट्टी पेटींतील हवेचा मार्गही अडवी.

सन २००३ पासून बाजारांत आलेल्या साटा जोडणीनें उलट विचार केला. तिच्यांत सातच तारा. एक जोडी जाण्यास, एक येण्यास, आणि तीन भूमीच्या. बिटें ओळीनें नव्हे तर एकामागून एक धांवतात, आणि म्हणूनच त्यांस पाहिजे तितक्या जोरानें पळतां येतें. आरंभींचा वेग सेकंदास १५० मेगाबाइट होता. पुढें तो ३०० व नंतर ६०० पर्यंत गेला. अठरा इंचांऐवजीं केबल एक मीटर लांब झाली, आणि प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल मिळाल्यानें मास्टर-स्लेव्ह ही कटकटही संपली. तेव्हां हा बदल केवळ हौसेचा नव्हता. त्यास सबळ कारण होतें.

तथापि या बाबतींत दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात, आणि माझ्या मतें दोन्ही चुकीचीं आहेत.

पहिलें मत असें कीं, नवें आलें कीं तत्काळ घ्यावें, कारण तें वेगवान् असतें. २००३ सालीं ज्यांनीं केवळ वेगाच्या आशेनें धांवत जाऊन साटाची डिस्क घेतली त्यांची निराशाच झाली असेल. कारण त्या काळच्या फिरत्या तबकडीवरून सेकंदास पन्नास-साठ मेगाबाइटच निघत. मग रस्ता १३३ चा काय आणि १५० चा काय, बैलगाडीस दोन्ही सारखेच! शिवाय त्या वेळच्या विंडोज एक्सपीस कित्येक संगणकांवर ही नवी डिस्क ओळखतां येत नसे, व ती ओळख करून देणारी फ्लॉपी आरंभींच घालावी लागे. नवेपणाची पहिली पट्टी नेहमीं उतावळा मनुष्य भरतो.

दुसरें मत असें कीं, जोडण्या बदलणें हा व्यापाऱ्यांचा आपल्या खिशांत हात घालण्याचा डाव आहे. म्हणून शक्य तोंवर जुन्यासच चिकटून रहावें. या मतांत काटकसरीचा गुण आहे, आणि तो मी हलका मानीत नाहीं. परंतु सर्वांनीं मान्य केलेली जोडणी ही व्यापाऱ्यापेक्षां ग्राहकासच अधिक उपकारक असते. साटाचेंच पहा. दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेल्या, फिरत्या डिस्कच्या मंद संगणकांत आज साटाची एसएसडी बसवितां येते, आणि ज्यास भंगारांत काढावयाचें त्या यंत्रावर मूल आणखी कांहीं वर्षें आपला अभ्यास करूं शकतें. डिस्क एका कंपनीची, मदरबोर्ड दुसरीचा, केबल तिसरीची. तरी तीं एकमेकांशीं जुळतात. हा करार नसता तर प्रत्येक कंपनीनें आपल्या ग्राहकास जन्मभर बांधून ठेविलें असतें.

मग सत्य कोठें आहे ? तें आपल्या जिल्ह्यांतील मनमाड स्टेशनानें पूर्वींच शिकविलें आहे. मुंबईहून नाशकावरून येणारा लोहमार्ग साडेपांच फूट रुंदीचा. आणि निजामाच्या राज्यांतून येऊन मनमाडास मिळणारा मार्ग एक मीटरचा. एकाची वाघीण दुसऱ्यावर चालत नसे; म्हणून माल एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. त्यांत कष्ट होते, खर्च होता, विलंब होता; परंतु माल पलीकडे जात असे, कारण दोन्ही रूळ एकाच ठिकाणीं येऊन भिडत होते. पुढें १९९० नंतरच्या दशकांत मनमाडहून, तेव्हां औरंगाबाद म्हणविणाऱ्या, छत्रपति संभाजीनगराकडे जाणारा मार्ग रुंद झाला आणि ती उतराउतर थांबली. तें योग्यच झालें. पण समजा, अरुंद रूळ उखडला गेला त्या दिवशीं एखादी भरलेली वाघीण बाजूच्या रुळावर विसरून राहिली असती, तर तिचा माल कोणी न्यावयाचा ?

संगणकाच्या इतिहासांतही असें एक मनमाड होतें. २००३ नंतर कित्येक वर्षें मदरबोर्डांवर जुनें रुंद तोंड व नवें अरुंद तोंड हीं दोन्ही शेजारीं शेजारीं असत. २००६ सालीं इंटेल कंपनीनें आपल्या नव्या आयसीएच८ चिपेंतून जुन्या जोडणीस रजा दिली. तरी मदरबोर्ड बनविणारे आणखी कांहीं काळ निराळी चिप लावून एखादें जुनें तोंड ठेवीत असत. त्या वर्षांत माझें काम एका दुपारचें होतें : दोन्ही डिस्का एकाच पेटींत जोडावयाच्या, आणि आईचीं चित्रें इकडून तिकडे घ्यावयाचीं. मीं ती दुपार काढली नाहीं. माझी वाघीण उखडलेल्या रुळावर राहिली, ती अशी.

आज आपण पुन्हां अशाच सांध्यावर उभे आहों. २०११ सालीं जिचे नियम प्रथम प्रसिद्ध झाले त्या एनव्हीएमई जोडणीची, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी आतां नव्या संगणकांत सर्रास येते. साटानें रस्ता बदलला पण बोली जुनीच ठेविली होती. एनव्हीएमईनें बोलीही बदलली. साटाची एसएसडी सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइट देते, तर हिच्या मध्यम प्रतीच्या पट्ट्याही ३,५०० पर्यंत देतात. हे आंकडे पाहून कोणी दिपूं नये. निबंध लिहिणें, धडे पाहणें, पत्रें पाठविणें या कामांत फिरती डिस्क जाऊन कोणतीही एसएसडी येते तेव्हां फरक मोठा जाणवतो. साटा जाऊन एनव्हीएमई येते तेव्हां थोडाच.

म्हणून पालकांस माझें सांगणें असें. संगणक नवाच घ्यावयाचा असेल तर नव्या जोडणीचा घ्यावा. किंमतींत फारसें अंतर नसतें आणि पुढील कित्येक वर्षें तीच राहणार. चालता संगणक मात्र केवळ जोडणीसाठीं टाकूं नये. त्यांत साटाची एसएसडी घालून त्याचें आयुष्य वाढवावें. एम.२ नांवाची खांच दिसली म्हणजे तींत दोन्ही प्रकारच्या पट्ट्या चालतीलच असें नाहीं. मदरबोर्डाचें पुस्तक पाहून मगच पैसे द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जुना संगणक माळ्यावर टाकण्यापूर्वीं, त्याच आठवड्यांत, त्यांतील सर्व कांहीं नव्यावर उतरवून घ्यावें व आणखी एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी. तीही प्रत पेटींत घालून विसरूं नये. एसएसडी तर वर्षानुवर्षें विजेवांचून ठेविल्यास तिच्यावर भरंवसा नाहीं. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या आवरासावरींत म्हणा किंवा नाताळच्या सुटींत म्हणा, ती लावून उघडून पहावी.

विद्यार्थ्यांनो, हें शेवटचें काम तुमचें आहे. घरांत संगणकाचें ज्ञान बहुधा तुम्हांसच अधिक असतें. आजोबांचीं पत्रें, आजीचा आवाज, धाकट्या भावाचीं बाळपणचीं चित्रें जुन्या पेटींत पडलीं असतील, तर तीं बाहेर काढणें हें वडिलांच्या नव्हे, तुमच्या हातचें आहे. नवें यंत्र कोणासही विकत मिळतें. जुन्या यंत्रांतील माणसें मात्र विकत मिळत नाहींत.

२००३ च्या सिंहस्थानंतर २०१५ चा आला. तोंवर जुनी जोडणी नव्या संगणकांतून नाहींशी झाली होती. आतां २०२७ चें सिंहस्थस्नान जवळ आलें आहे, आणि घरोघरीं पुन्हां चित्रें काढलीं जातील. बारा वर्षांनीं गोदावरी तेथेंच असेल. तुमच्या संगणकाचें तोंड मात्र बदललेलें असेल. तें बदलेल याचें भय नको व खेदही नको. तें बदलण्याच्या आधीं आपला ठेवा पलीकडच्या गाडींत चढविण्याची आठवण मात्र ठेवा.