टायटर कमी म्हणजे डोस वाया नव्हे

2022च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी-कुर्ल्यात गोवराची साथ उसळली आणि मुले दगावली. लसीची पहिली मात्रा घेण्याचे वय होण्याआधीच आजारी पडलेली बाळेही रुग्णांत होती. ज्या भागात 10 टक्क्यांहून अधिक रुग्ण नऊ महिन्यांखालचे असतील, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना गोवर-रुबेला लसीची एक जादा मात्रा द्यावी, असे केंद्र सरकारने त्या नोव्हेंबरात सुचवले. या ‘झिरो डोस’विषयी बालरोगतज्ज्ञांची शंका ठरलेली आहे: वारेतून आलेली आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असताना हा डोस वाया जाणार नाही का? आमच्या मते या हिशेबात टी पेशी राहून जातात.

जिनिव्हातील क्लेअर-ॲन सिग्रिस्ट यांच्या गटाने 1998 साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लस टोचलेल्या माद्यांच्या पिल्लांना लस दिली, तेव्हा त्यांची स्वतःची प्रतिपिंडे दबली. टी पेशींचा प्रतिसाद मात्र टिकला. याला कारण आहे. आईचे प्रतिपिंड प्रतिजनावर बसले की बी पेशीला ते ओळखता येत नाही, शिवाय तिच्यावरचा आवर घालणारा एफसी ग्राही तिला थोपवतो. टी पेशीला अखंड प्रतिजन लागतच नाही. डेन्ड्रिटिक पेशी प्रतिपिंड चिकटलेले प्रतिजन एफसी ग्राहींद्वारे आत घेते, त्याचे तुकडे करते आणि ते टी पेशीपुढे मांडते.

उंदीर म्हणजे बाळ नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. साध्या उंदरात गोवराचा विषाणू नीट वाढत नाही, दोघांचे एफसी ग्राहीही सारखे नाहीत. पण स्टॅनफर्डच्या हेली गान्स आणि सहकाऱ्यांना सहा महिन्यांच्या बाळांतही हेच आढळले: प्रतिपिंडे कमी, टी पेशींचा प्रतिसाद मात्र शाबूत. जन्मतः प्रतिपिंडे बनवू न शकणारी मुले गोवरातून सहसा बरी होतात आणि टी पेशींचा दोष असलेल्यांना तो जिवावर बेततो, हा जुना वैद्यकीय अनुभवही त्याला दुजोरा देतो. दुसरा आक्षेप असा की संसर्ग मुळात रोखायला प्रतिपिंडेच हवीत. तेही खरे, आणि म्हणूनच झिरो डोस नियमित मात्रेची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा झिरो डोसनंतर टायटर, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण, तपासून पालकांना ‘लस लागली नाही’ असे सांगू नका. कार्डावर त्याची वेगळी नोंद करा, पुढच्या नियमित मात्रेआधी किमान चार आठवड्यांचे अंतर राखा आणि नवव्या व सोळाव्या महिन्याच्या मात्रा चुकू देऊ नका.