माइक कुणाच्या हातात?

आपत्ती आली की बायकांच्या वाट्याला काय येते, हे १९९३ च्या किल्लारीपासून आपण पाहत आलो आहोत. रांगा, चुली, आणि आपल्या वतीने दुसऱ्याच कुणी केलेल्या मागण्या. पण बाहेर निरोप पाठवतो कोण, याची चर्चा आपल्या बैठकांत क्वचितच होते.

भूकंपात, वादळात टेलिफोन आणि मोबाइलचे मनोरे गप्प होतात. तेव्हा कामी येतो हॅम रेडिओ. मोटारीची बॅटरी, छोटा सेट, दोन झाडांमध्ये ताणलेली तार. एवढ्यावर शेकडो मैल बोलता येते. हे काम करतात हौशी स्वयंसेवक, सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेले. आणि त्यांत बहुतेक सगळे पुरुष.

“हा पुरुषांचा छंद, आपल्याला काय जमणार?” असे म्हणणाऱ्या मैत्रिणींनी भारती प्रसाद यांचे नाव ऐकले आहे का? अंदमानात हौशी केंद्र चालवण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. डिसेंबर २००४ मध्ये छोटा चमू घेऊन त्या पोर्ट ब्लेअरला गेल्या, जगभरच्या हौशांशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांचा संपर्क तुटला. भारतीताईंनी छंद बाजूला ठेवला आणि तोच सेट मदतकार्याला जुंपला. अडकलेल्यांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचू लागली ती या केंद्रावरून.

तेव्हा बाईला जमते का, हा प्रश्न निकालात निघाला. खरा प्रश्न, बाई तिथे नसली तर काय होते? बांगलादेशात एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात २० ते ४४ वयाच्या दर हजार बायकांमागे ७१ दगावल्या, पुरुष १५. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की धोक्याचा इशारा बाजारात, चौकात पुरुषांनी पुरुषांना दिला. घरातल्या बाईपर्यंत तो आलाच नाही.

मदतीच्या निरोपाचेही तेच. तंबू किती, तांदूळ किती, हे पुरुष सांगेल. कुणाचे दिवस भरलेत, पाळीला कापड नाही, शौचाला आडोसा नाही, हे त्याला कोण सांगणार? शिवाय हॅम रेडिओवर गुप्तता नसते. सांकेतिक भाषेला नियमाने मनाई आहे. सेट असलेला कुणीही ऐकतो. छावणीत एकट्या पडलेल्या मुलीवर अत्याचार झाला, तर तो तिच्या नावागावासकट हवेत सोडायचा नसतो. काय बोलू नये हे जिला कळते, ती त्या माइकपाशी हवी.

क्लबवाल्या बंधूंनाही थोडे सांगायचे आहे. त्यांच्या बोलीत सत्तरीची हॅम बाईसुद्धा ‘वायएल’, म्हणजे तरुणी. हॅमची बायको ‘एक्सवायएल’, माजी तरुणी! पुरुष मात्र विशीतही ‘ओल्ड मॅन’, तेही आपुलकीने. जुनी गंमत आहे म्हणे. मग नव्या मुली क्लबात का टिकत नाहीत, याचे नवल त्यांनी करू नये.

नियमांत बाई-पुरुष असा भेद नाही, बारा वर्षांची मुलगीही परीक्षेला बसू शकते. विषय म्हणजे वीज आणि रेडिओची प्राथमिक माहिती, आणि नियम. सेटला पैसे पडतात, खरे आहे. पण चार गटांनी मिळून एक घेता येतो. पुढच्या आपत्ती-शिबिरात आपल्याला पुन्हा भाजी चिरायला बोलावतील. जाऊ. पण त्याआधी प्रत्येक गटाने दोघींची नावे परीक्षेला घालावीत.