आवडत्या रंगाचा शोध

‘तुझा आवडता रंग कोणता?’ हा प्रश्न लहानपणी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तत्काळ मिळते. कोणी निळा म्हणतो, कोणी गुलाबी, तर कोणी हिरवा. परंतु ‘तोच का?’ असे पुढे विचारले, तर उत्तर देणारा गोंधळतो. मग कोठेतरी वाचलेले एखादे कोष्टक त्याच्या मदतीला धावून येते. लाल रंग रागाचा, निळा शांतीचा, पिवळा आनंदाचा आणि काळा दुःखाचा! अशी कोष्टके पाठ करण्यास सोपी असतात. परंतु त्यांवर विसंबून राहणे योग्य नव्हे. रंगाचा अर्थ रंगाच्या डबीत भरून ठेवलेला नसतो. कोणत्या वस्तूवर, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या माणसाच्या डोळ्यांना तो दिसतो, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. म्हणून आवडता रंग खरोखर ओळखावयाचा असेल, तर घराबाहेर पडून तो जेथे नांदतो तेथे पाहिला पाहिजे. आणि या कामी कॅमेरा हा फार चांगला सोबती आहे.

भंडारा जिल्ह्यातील बपेरा या गावाचेच उदाहरण घ्यावे. तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ हे गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा. आषाढात पाऊस जमला की पऱ्हे उपटून त्यांची रोवणी सुरू होते आणि चिखलाने भरलेल्या बांध्या पाहता पाहता पोपटी दिसू लागतात. श्रावण-भाद्रपदात तो पोपटी रंग गर्द हिरवा होतो. पुढे लोंबी भरतात, भाराने वाकतात आणि कार्तिकाच्या सुमारास शिवार सोनेरी पिवळे होऊन जाते. त्या पिवळ्या रंगाकडे पाहून शेतकऱ्याचा जीव सुखावतो, कारण वर्षभराचे कष्ट फळाला आल्याची ती खूण असते. परंतु रोवणी झाल्यावर पावसाने दडी मारली, बांधीला भेगा पडल्या आणि ऐन श्रावणात धानाची पाने पिवळी पडू लागली, तर? किंवा तुडतुड्यांनी रस शोषल्यामुळे उभ्या पिकात तांबूस-पिवळे डाग पसरले, तर? रंग पुन्हा पिवळाच. परंतु त्याच्याकडे पाहून त्याच शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. पिवळा रंग आनंदाचा असे कोष्टकात लिहिणाऱ्याने हे दोन पिवळे रंग शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले नसतात.

काळ्या रंगाचीही तीच गोष्ट. मृगाच्या आणि आर्द्रांच्या दिवसांत क्षितिजावर काळा ढग दिसला की साऱ्या गावाच्या माना त्याच्याकडे वळतात. त्या काळ्या रंगासारखा देखणा रंग तेव्हा दुसरा नसतो. परंतु कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळत पडल्या असताना, त्यांचे पुंजणे रचावयाचे राहिले असताना तोच ढग आला, तर लहानथोर सारेच धावाधाव करू लागतात. याच तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेथून निघणारा काळा दगड पोलाद तयार करण्यास उपयोगी पडतो. बाहेरच्या मनुष्याला तो उदास वाटेल. परंतु खाणीवर राबणाऱ्याच्या घरची चूल त्याच काळ्या रंगावर पेटते. नदीच्या गढूळ तांबड्या पाण्याचेही दोन अर्थ आहेत. ते गाळ आणते आणि जमीन कसदार करते. परंतु २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा जिल्ह्यातील कित्येक घरे आणि शेते ज्यांनी पाण्याखाली गेलेली पाहिली, त्यांच्या मनात त्या रंगाबरोबर भीतीही साठून राहिली.

निसर्गाप्रमाणे रूढीही रंगांना अर्थ देते. महाराष्ट्रात लग्नात हिरवा चुडा भरतात, हळद लावतात. एरवी शुभकार्यात काळे वस्त्र टाळणारी माणसे संक्रांतीला मात्र हौसेने काळी चंद्रकळा नेसतात. पांढरा रंग भारतात विद्येचा आणि सात्त्विकतेचा मानला जातो, आणि शोकाचाही. चीनमध्ये परंपरेने लग्नात लाल रंग, तर शोकात पांढरा रंग वापरतात. युरोपात नवरी पांढऱ्या वस्त्रांत विवाहाला उभी राहते. रंग तेच, पण प्रांत बदलला की त्यांची भाषा बदलते.

मराठी भाषेने तर आपले रंग कोष्टकांतून घेतलेलेच नाहीत. पोपटी, मोरपंखी, अबोली, आमसुली, डाळिंबी, अंजिरी, शेवाळी, राखी, विटकरी, अस्मानी ही नावे उच्चारताच प्रथम रंग आठवतो की वस्तू? पूर्वजांनी बाहेर पाहिले आणि जे दिसले त्याचे नाव रंगाला दिले. ज्या मुलाने शेवाळलेला काठ कधी पाहिलाच नाही, त्याला शेवाळी हा केवळ एक शब्द वाटेल. शब्द टिकतो आणि त्यामागचे दृश्य हरवते. ही हानी लहान नव्हे.

येथे कॅमेऱ्याचा उपयोग ध्यानात येतो. डोळा एका क्षणात सारे शिवार पाहतो आणि बहुधा काहीच पाहत नाही. कॅमेऱ्याला मात्र चौकट असते. चौकटीत काय घ्यावे आणि काय वगळावे, हे ठरवावे लागते; आणि ठरवावयाचे म्हणजे नीट पाहावे लागते. एका आठवड्यात केवळ एकाच रंगाची छायाचित्रे घ्यावयाची, असा नेम एखाद्या विद्यार्थ्याने केला, तर त्याला आश्चर्याचे धक्के बसतील. हिरवा हिरवा म्हणून ज्याचा तो उल्लेख करीत होता, त्यात पऱ्ह्यांचा हिरवा वेगळा, बोडीतल्या पाण्याचा वेगळा आणि राव्याच्या पंखांचा वेगळा, हे त्याला कळेल. फाल्गुनात निष्पर्ण झालेला पळस केशरी फुलांनी पेटतो. त्याचे चित्र सकाळी, भर दुपारी आणि सूर्यास्ताला घेतले, तर तीन निरनिराळे केशरी रंग हाती येतील. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात; वाटेत निळा प्रकाश अधिक विखुरला जातो आणि तांबूस प्रकाश शेष राहतो. म्हणून सायंकाळी साध्या मातीच्या भिंतीलाही सोन्याची कळा चढते.

छायाचित्रात रंग आणण्यासाठी माणसाने केवढे श्रम घेतले, हेही जाणण्यासारखे आहे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगासमोर आली. परंतु ती रंगहीन होती. १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये एका रंगीत फितीचे चित्र पडद्यावर दाखविले. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन गाळण्यांतून घेतलेली तीन चित्रे एकमेकांवर पाडून त्याने ते साधले होते. पुढे १९०७ साली फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी रंगीत छायाचित्रांच्या काचा विक्रीस आणल्या. याच बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ १८९६ साली मुंबईत झाला होता. त्यांच्या काचांवर बटाट्याच्या पिठाचे रंगविलेले सूक्ष्म कण पसरलेले असत! आजच्या कॅमेऱ्यातही लाल, हिरवा आणि निळा या तीनच रंगांच्या साह्याने सारी सृष्टी टिपली जाते.

रंग इतका सुलभ झाल्यावर त्याच्याशी खेळ करण्याचा मोहही सुलभ झाला. बोटाच्या एका स्पर्शाने आकाश अधिक निळे करता येते आणि कोमेजलेले धान टवटवीत दाखविता येते. गंमत म्हणून कोणी असे केले, तर त्यात मोठा अपराध नाही. परंतु पाहिलेल्या रंगाची नोंद म्हणून जे छायाचित्र दाखवावयाचे, त्यात असा फेरफार करू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. तीत शेतकरी आपल्या शेतातील उभ्या पिकाचे छायाचित्र स्वतः मोबाइलवर घेऊन नोंदवितो. तेथे छायाचित्र हे शोभेचे चित्र राहत नाही, ते साक्ष होते. साक्षीदाराने पिवळ्याला हिरवे म्हणू नये. आणि ज्याने सुंदर दिसावे म्हणून सुकलेले पान हिरवे केले, त्याने स्वतःचीही फसवणूक केली. कारण त्या पानाकडे पाहून मनात उठलेली कालवाकालव त्याने पुसून टाकली.

रंग गाळून काढला तरी भाव उरतो, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल छायाचित्रांतून दाखविले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत रंग नसल्यामुळेच पाहणाऱ्याची दृष्टी कामगारांच्या मुद्रेवरून हलत नाही. याउलट रघुवीर सिंह यांनी भारत रंगांतच पाहिला पाहिजे असा आग्रह धरला; मुंबईविषयीचे त्यांचे रंगीत छायाचित्रांचे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. या दोघांत कोण बरोबर, असा वाद घालण्याचे कारण नाही. दोघांनीही आधी पाहिले, मग निवड केली. निवडीमागे पाहणे असले की ती निवड स्वतःची होते.

कॅमेरा सर्वांनाच मिळेल असे नाही. घरातील एकुलता एक मोबाइल पुष्कळदा वडील माणसांच्या कामात गुंतलेला असतो. तरी हताश होण्याचे कारण नाही. जुन्या पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी भोक पाडावे आणि डोळ्यांसमोर धरून धुऱ्यावरून चालावे. चौकट मिळाली की पाहण्याला शिस्त येते. जे रंग दिसले त्यांची नावे, दिवस, वेळ आणि त्या क्षणी मनाला काय वाटले, ते वहीत लिहावे. मोबाइल मिळाला, तरीही ही वही ठेवावीच. कारण रंग यंत्र टिपते, पण मनाला काय वाटले ते यंत्राला टिपता येत नाही.

असा अभ्यास वर्षभर चालला, तर आवडत्या रंगाविषयीचे उत्तर पालटण्याचा संभव आहे. पालटले तर पालटू द्यावे. एखादे मूल ‘हिरवा’ एवढेच म्हणण्याऐवजी सांगेल, ‘रोवणीनंतर आठवडाभराने, पहाटेच्या पावसात न्हालेल्या बांधीचा हिरवा, कारण त्या दिवशी आई निश्चिंत दिसली होती.’ हे उत्तर कोणत्याही कोष्टकात सापडणार नाही. ते त्या मुलाने आपल्या गावात, आपल्या डोळ्यांनी मिळविलेले असेल. आणि शेजारच्या बाकावरील मुलाचे उत्तर त्याहून निराळे निघाले, तर ते त्याने तितक्याच आदराने ऐकून घ्यावे.