संकेतस्थळ अद्ययावत ठेवायचे, तर स्क्रिप्टला कामाला लावा, पण जपून!

बुलढाणा : माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करून ती दरवर्षी अद्ययावत करायची असते. प्रत्यक्षात संगणकातील नवी यादी संकेतस्थळावर चढवायची राहून जाते. मग संग्रामपूर किंवा लोणारच्या शेतकऱ्याला मोबाइलवर जुनीच यादी दिसते आणि तालुक्याला हेलपाटा पडतो. हे टाळता येते, तेही फुकटात.

उपाय काय?
'आरसिंक' हे मोफत साधन 1996 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणले. संगणकातील फोल्डर आणि सर्व्हरवरील फोल्डर यांची ते तुलना करते. फाइलचा आकार आणि बदलाची वेळ जुळली, तर ती फाइल सोडून देते. मोठ्या फाइलमध्ये थोडाच बदल असेल, तर तेवढाच भाग पाठवते. त्यामुळे डेटा वाचतो. मध्येच नेट गेले तरी आधी पोहोचलेल्या फाइल पुन्हा पाठवाव्या लागत नाहीत. दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून 'क्रॉन'मध्ये वेळ लावली, की रोज रात्री काम आपोआप होते.

धोका कुठे?
'डिलीट' पर्याय सुरू असेल, तर संगणकातून उडालेली फाइल संकेतस्थळावरूनही उडते. फोल्डरचा पत्ता चुकला, तर अख्खे संकेतस्थळ रिकामे होऊ शकते. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये बॅकअपच्या सदोष स्क्रिप्टमुळे महासंगणकावरील सुमारे 77 टेराबाइट डेटा पुसला गेला. तिथे हे घडते, तर एकट्या संगणकचालकाच्या कार्यालयात काय?

हे करा
* आधी 'ड्राय-रन' चालवा. काय बदलेल, याची यादी दिसते. बदल होत नाही.
* साध्या एफटीपीवर पासवर्ड उघडा जातो. 'एसएसएच' वापरा.
* तारखेनुसार वेगळी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. चूकही तितक्याच इमानदारीने तिकडे पोहोचते.

स्क्रिप्ट फाइल पोहोचवते, ती बरोबर आहे का हे पाहत नाही. म्हणून कार्यालयांनी स्क्रिप्टसोबत जबाबदार माणसाचे नावही ठरवावे. रोज सकाळी त्याने संकेतस्थळ मोबाइलवर उघडून पाहावे. शेतकऱ्याचा हेलपाटा वाचवणारी खरी तपासणी तीच.