आधी समोरच्याचं म्हणणं सांगा

अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ज्यू विद्यार्थ्यांची पंगत बसते. शब्बाथची, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाची, ती सुरुवात. मेणबत्त्या लावायच्या, वेणीसारखा गुंफलेला पाव मोडायचा, प्रार्थना म्हणायची आणि मग मनसोक्त गप्पा. ही पंगत बऱ्याच ठिकाणी विद्यार्थीच उभी करतात. पाव किती सांगायचे, फर्स्ट इयरच्या बुजऱ्या पोराला हाताला धरून कोण आणणार, भांडी कोण घासणार, सगळं त्यांनीच ठरवायचं. आपल्याकडे 'लीडरशिप डेव्हलपमेंट' म्हटलं की एसी हॉल, दोन तासांचं प्रेझेंटेशन आणि शेवटी सर्टिफिकेट. त्यापेक्षा हे बरंच बरं!

यामागची मोठी संस्था म्हणजे 'हिलेल'. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात ती सुरू झाली. त्याच्या एकच वर्ष आधी हार्वर्डच्या अध्यक्षांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर मर्यादा घालावी असा प्रस्ताव मांडला होता, यावरून काळ कसा होता ते लक्षात यावं. अशा वातावरणात कॅम्पसवर हक्काची एक खोली असणं ही चैन नव्हती, गरज होती. आज ही संस्था ८०० हून जास्त कॉलेजांत पोचली आहे. तिथून शिकलेली मुलं पुढे समाजाच्या संस्था चालवतात.

संस्थेला नाव दिलंय ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या हिलेल नावाच्या पंडिताचं. हिलेल आणि शम्माई या दोघांच्या शिष्यांचे वाद प्रसिद्ध आहेत. ताल्मुदमध्ये असं सांगितलंय की दोन्ही बाजूंचं म्हणणं खरंच होतं, तरी निर्णय हिलेलच्या शिष्यांच्या बाजूने लागला. का? तर ते नम्र होते आणि स्वतःचं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत सांगत. (आपल्या टीव्हीवरच्या चर्चांना हा नियम लावला तर कार्यक्रमच बंद पडतील.)

आता खरा पेच. २०१० साली हिलेलच्या मुख्यालयाने नियम केला की इस्रायलचं ज्यू, लोकशाही राष्ट्र म्हणून अस्तित्व नाकारणाऱ्यांना किंवा इस्रायलवर बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांना संस्थेचं व्यासपीठ द्यायचं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये स्वार्थमोर कॉलेजमधल्या हिलेलच्या विद्यार्थी मंडळाने तो झुगारला. आम्ही कोणालाही बोलवू आणि कोणाशीही वाद घालू, असं त्यांनी जाहीर केलं. मग आमचं नाव वापरता येणार नाही, असं वरून उत्तर आलं. २०१५ मध्ये त्या मुलांनी नाव सोडलं आणि 'केहिला' हे नवं नाव घेतलं. हिब्रूत त्याचा अर्थ समाज.

मुख्यालयाची बाजू पोकळ नाही. घरापासून लांब आलेल्या मुलाला जिथे सुरक्षित वाटावं, त्याच खोलीत त्याच्या आजी-आजोबांनी आसरा घेतलेल्या देशाला नाकारणाऱ्याला माइक का द्यायचा? आणि भीती काल्पनिक म्हणावी तर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला आलेल्या ११ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणून दारावर पहारा हवाच. पण पहारा माणसांच्या जिवासाठी असतो, मतांवर बसवलेला पहारा वेगळा. वीस वर्षांच्या मुलीला पंगतीचा हिशेब सांभाळायला द्यायचा आणि पंगतीला कोणाला बोलवायचं हे मात्र वरून ठरवायचं, याला मॅनेजर घडवणं म्हणता येईल. नेतृत्व त्याहून पुढचं आहे.

याची किंमत एप्रिल २०२४ मध्ये दिसली. गाझातल्या युद्धाविरोधात कोलंबिया विद्यापीठात तंबू पडले होते आणि नेमका पासओव्हरचा सण आला. काही ज्यू विद्यार्थ्यांनी सणाचं जेवण त्या तंबूंमध्येच केलं. काहींना त्याच कॅम्पसवर वावरायची भीती वाटत होती, ते घरी निघून गेले. सण एक, प्रार्थना एक. या दोघांशीही बोलू शकेल असं कोण होतं?

घरातल्या थोरांना उलटं बोललं की समाज फुटतो, असं सगळेच समाज मुलांना सांगतात. या धाकाला आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी दिलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले हे ज्यू. डेव्हिड रहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांच्यातले तीन तरुण निवडून शिकवले आणि त्यांना काजी केलं, अशी त्यांची परंपरा सांगते. हे काजी धर्मविधी करत आणि भांडणंही सोडवत. पुढे यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, तर १९६०च्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नसंबंधांबद्दलच शंका काढल्या. ही माणसं गप्प बसली नाहीत. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं. धर्मातल्या सर्वांत मोठ्या गादीशी भांडूनही त्यांचा शब्बाथ चुकला नाही.

त्यामुळे आमची सूचना साधी आहे. पुढच्या लीडरशिप कॅम्पला हिलेलवाल्यांनी एक सत्र वाढवावं. तंबूत जेवलेल्याने घरी गेलेल्याची बाजू मांडायची आणि घरी गेलेल्याने तंबूतल्याची. 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं समोरचा म्हणेपर्यंत मांडत राहायचं. पंगतीला कोणाला बोलवायचं, ते नंतर त्यांनाच ठरवू द्यावं.